सीमेपलीकडची माणसं: हंगेरीचं शेजाऱ्यांशी आणि युरोपशी का पटत नाही

२०२२ च्या फेब्रुवारीअखेरीस रशियानं युक्रेनवर हल्ला केला आणि तिथं डॉक्टरकी शिकायला गेलेली हजारो भारतीय मुलं मिळेल त्या वाटेनं सीमेकडं निघाली. उझहोरोदच्या विद्यापीठातल्या मुलांना एक वाट त्यातल्या त्यात जवळची होती. चोप हे युक्रेनच्या हद्दीतलं शेवटचं रेल्वे स्टेशन, पुढं तिसा नदीवरचा पूल, आणि पलीकडं हंगेरीतलं झाहोन्य. तिथून बुडापेस्ट आणि बुडापेस्टहून ‘ऑपरेशन गंगा’ची विमानं. महाराष्ट्रातल्या कितीतरी घरांत हंगेरी हे नाव त्या आठवड्यात पहिल्यांदा जीव मुठीत धरून घेतलं गेलं असेल.

ज्या पट्ट्यातून ही मुलं बाहेर पडली तो पट्टा समजला तर हंगेरीचं निम्मं राजकारण समजतं. तिथं सीमेच्या दोन्ही बाजूंना हंगेरियन बोलली जाते. युक्रेनच्या बाजूला बेरेहोवे नावाचं गाव आहे. हंगेरियन लोक त्याला बेरेगसास म्हणतात. त्या भागातली पुष्कळ हंगेरियन कुटुंबं घरातलं घड्याळ कीव्हच्या वेळेवर लावत नाहीत. ते एक तास मागं असतं, बुडापेस्टच्या वेळेवर.

१९१० साली बेरेगसासमध्ये जन्मलेल्या माणसाचा विचार करा. तो जन्मला हंगेरीच्या राज्यात. पहिल्या महायुद्धानंतर तो चेकोस्लोव्हाकियाचा झाला. १९३८ मध्ये पुन्हा हंगेरीचा. दुसरं महायुद्ध संपता संपता सोव्हिएत संघाचा. आणि ऐंशी ओलांडून जगला असेल तर १९९१ मध्ये युक्रेनचा. या सगळ्या काळात त्यानं घर बदललं नाही, गल्ली बदलली नाही. अंगणावरून सीमाच तेवढी इकडून तिकडं गेली.

आपल्याकडं हंगेरीच्या बातम्या सुट्या सुट्या येतात. कधी युक्रेनला द्यायची मदत हंगेरीनं अडवली म्हणून, कधी युरोपीय संघानं हंगेरीचे पैसे रोखले म्हणून, कधी पंतप्रधानांच्या गळ्यातल्या मफलरवरून शेजारी देश चिडले म्हणून. या बातम्यांचा एकमेकींशी काही संबंध नाही असं वाटतं. मला मात्र त्या एकाच दोऱ्यात ओवलेल्या दिसतात. हंगेरियन राष्ट्र मोठं आहे आणि हंगेरी नावाचं राज्य लहान. या दोन्हींच्या सीमा जुळत नाहीत. मग बुडापेस्टमधलं सरकार नेमकं कुणाचं? सीमेच्या आतल्यांचं, की जगातल्या सगळ्या हंगेरियनांचं? हा प्रश्न खरा आहे आणि दुखराही आहे. २०१० मध्ये पंतप्रधान झालेल्या व्हिक्टर ऑर्बान यांनी त्याच्यातून सत्ता उभी केली, आणि त्या सत्तेच्या जोरावर एक कोटीहून कमी वस्तीचा देश सत्तावीस देशांच्या संघाशी झुंजू लागला.

एक सही, तीन आठवणी

४ जून १९२०. पॅरिसजवळ व्हर्सायच्या आवारात ग्रँड त्रियानाँ नावाचा राजवाडा आहे. पहिलं महायुद्ध हरलेल्या हंगेरीच्या प्रतिनिधींनी तिथं तहावर सही केली.

आकडे समोर ठेवूनच बोलावं लागतं. युद्धाआधी हंगेरीच्या मुकुटाखाली, क्रोएशिया धरून, सुमारे ३ लाख २५ हजार चौरस किलोमीटर प्रदेश होता. म्हणजे आपल्या महाराष्ट्रापेक्षा थोडा जास्तच. सहीनंतर उरला सुमारे ९३ हजार. एकट्या रोमानियाच्या वाट्याला जो मुलूख गेला तोसुद्धा या उरलेल्या हंगेरीपेक्षा मोठा होता. उत्तरेचा डोंगराळ भाग चेकोस्लोव्हाकियाला गेला, दक्षिणेचा पुढं युगोस्लाव्हिया झालेल्या राज्याला आणि पश्चिमेची एक पट्टी ऑस्ट्रियाला. लोकसंख्या दोन कोटींच्या वरून ७६ लाखांवर आली. नव्या सीमांच्या पलीकडं राहिलेल्या हंगेरियनभाषकांची संख्या तीस लाखांहून अधिक होती. पुढची वीस वर्षं हंगेरीत एकच घोषणा होती, “नेम, नेम, शोहा”. नाही, नाही, कधीच नाही.

इथवर ऐकलं की हंगेरीबद्दल कणव वाटते, आणि ती वाटायलाच हवी. पण शेजाऱ्याच्या ओसरीवर बसलं की तीच गोष्ट वेगळी ऐकू येते. जुन्या हंगेरीत, क्रोएशिया वगळूनही, हंगेरियन मातृभाषा असलेले लोक जेमतेम निम्म्याहून थोडे जास्त होते. बाकीचे स्लोव्हाक, रोमानियन, सर्ब, जर्मन, रुथेनियन. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी बुडापेस्टच्या सत्ताधाऱ्यांनी या सगळ्यांना हंगेरियन करून घ्यायचं ठरवलं. १९०७ च्या शाळा कायद्यानुसार सरकारी मदत घेणाऱ्या बिगर-हंगेरियन शाळांतल्या मुलांनाही चौथी संपेपर्यंत हंगेरियन बोलता-लिहिता येणं सक्तीचं झालं. त्याच वर्षी चेर्नोव्हा या स्लोव्हाक गावात लोकांनी हट्ट धरला, की आमच्या नव्या चर्चचं पावित्र्य-संस्कार आमच्याच धर्मगुरूच्या हातून व्हावेत. शिपायांनी जमावावर गोळ्या झाडल्या. पंधरा माणसं गेली.

म्हणून त्रियानाँची आठवण तीन तऱ्हांची आहे. हंगेरियन माणसासाठी तो अवयव कापल्याचा दिवस. स्लोव्हाक आणि रोमानियन माणसासाठी तो सुटकेच्या काळाचा भाग. रोमानियाचा राष्ट्रीय दिन आजही १ डिसेंबर आहे, १९१८ साली हंगेरीकडचा ट्रान्सिल्व्हेनिया प्रांत रोमानियात सामील झाल्याची घोषणा झाली तो दिवस. आणि तिसरी आठवण, जिच्याबद्दल सगळ्यांत कमी बोललं जातं, ती सीमेपलीकडं राहिलेल्या हंगेरियनांची. काल बहुसंख्य होते, आज अल्पसंख्य झाले. काल त्यांची भाषा कचेरीची होती, आज ती शाळेत टिकेल का याची चिंता.

दुसऱ्या महायुद्धात हंगेरी जर्मनीच्या बाजूला गेली त्यामागं गमावलेला प्रदेश परत मिळवायची ओढ मोठी होती. १९३८ आणि १९४० मध्ये जर्मनी-इटलीच्या निवाड्यांनी काही भाग परतही मिळाला, आणि युद्ध हरल्यावर तो पुन्हा गेला. पुढं कम्युनिस्ट राजवटीत या विषयावर उघड बोलणंच बंद झालं, कारण सगळे शेजारी ‘बंधुराष्ट्रं’ होते. दुखणं बरं झालं नव्हतं, त्याच्यावर नुसतं झाकण ठेवलं होतं.

झाकण उघडलं ते १९८९ मध्ये, आणि एका सुंदर क्षणानं. रोमानियातल्या तिमिश्वारा शहरात लास्लो तोकेश या हंगेरियन धर्मगुरूला घराबाहेर काढायला सरकारी माणसं येणार होती. त्याच्या घराभोवती आधी त्याचे हंगेरियन भाविक उभे राहिले, मग शेजारपाजारचे रोमानियन येऊन मिळाले. त्या गर्दीतून रोमानियाची क्रांती पेटली आणि कम्युनिस्ट हुकूमशहा चाउसेस्कूची राजवट कोसळली. तीन महिने उलटत नाहीत तोच, मार्च १९९० मध्ये, तर्गू मुरेश शहरात तेच दोन समाज एकमेकांवर लाठ्या-काठ्या घेऊन धावले आणि माणसं मेली. हे दोन्ही प्रसंग मी मुद्दाम एकापाठोपाठ सांगतो आहे. या दोन समाजांमध्ये वैर जन्मजात आहे असं कुणी म्हणालं तर तिमिश्वारा आठवावं, आणि काहीच अडचण नाही असं कुणी म्हणालं तर तर्गू मुरेश.

नव्वदच्या दशकात बाहेरच्या संस्थांनी इथं मोठं काम केलं, हे आज विसरलं जातं. नाटो आणि युरोपीय संघ यांच्या दारात उभं राहायचं तर शेजाऱ्यांशी वाद मिटवून या, असा स्पष्ट निरोप होता. म्हणून हंगेरीनं १९९५ मध्ये स्लोव्हाकियाशी आणि १९९६ मध्ये रोमानियाशी मैत्रीचे करार केले, सीमा मान्य केल्या, अल्पसंख्याकांच्या हक्कांवर सह्या घेतल्या. डॅन्यूबवरच्या धरणाचं हंगेरी-स्लोव्हाकिया भांडणही त्यांनी हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात नेलं. १९९७ मध्ये निकाल लागला. अंमलबजावणी रखडली, पण तंटा कोर्टात होता, रस्त्यावर नव्हता.

पासपोर्ट

सीमेपलीकडच्या हंगेरियनांचा विषय ऑर्बान यांनी शोधून काढला असं समजू नये. कम्युनिस्ट राजवट गेल्यावर १९९० मध्ये निवडून आलेले पहिले पंतप्रधान योझेफ आन्ताल म्हणाले होते, की मनानं मी दीड कोटी हंगेरियनांचा पंतप्रधान आहे. देशात तेव्हा एक कोटीच्या आसपास लोक होते. वरचे पन्नास लाख सीमेपलीकडचे आणि जगभर पांगलेले. शेजारी देशांच्या राजधान्यांत हे वाक्य कुणाच्या पचनी पडलं नाही.

डिसेंबर २००४ मध्ये हंगेरीत सार्वमत झालं. सीमेपलीकडच्या हंगेरियनांना, इथं राहायला न येताही, नागरिकत्व द्यावं का? मत दिलेल्यांपैकी निम्म्याहून किंचित जास्त लोक ‘हो’ म्हणाले, पण मतदानालाच इतके कमी लोक आले की निकाल बाद ठरला. पलीकडच्या लोकांच्या मनाला हे फार लागलं. परक्यांनी नाकारलं असतं तर एकवेळ सोसलं असतं, इथं घरच्यांनीच दार लावून घेतलं होतं. या दुखावलेपणाची नोंद ऑर्बान यांच्या फिदेस पक्षानं नीट घेतली.

२००९ च्या ऑगस्टमधला एक प्रसंग सांगतो, कारण त्यात हे सगळं भांडण एका पुलावर मावतं. डॅन्यूबच्या एका काठावर हंगेरीतलं कोमारोम, दुसऱ्या काठावर स्लोव्हाकियातलं कोमार्नो. एकेकाळी दोन्ही मिळून एकच शहर. कोमार्नोत हंगेरियन वस्ती मोठी. तिथं हंगेरीचा पहिला राजा संत इश्तवान याच्या पुतळ्याचं अनावरण होतं आणि हंगेरीचे राष्ट्राध्यक्ष लास्लो शोल्योम त्यासाठी निघाले होते. तारीख होती २१ ऑगस्ट. १९६८ साली याच दिवशी वॉर्सा करारातल्या, म्हणजे सोव्हिएत गटाच्या, फौजा चेकोस्लोव्हाकियात घुसल्या होत्या आणि त्यांत हंगेरीचीही तुकडी होती. स्लोव्हाक सरकारनं कळवलं, येऊ नका. शोल्योम पुलाच्या मध्यापर्यंत चालत गेले आणि परत फिरले. दोन्ही देश युरोपीय संघाचे सदस्य, दोघांमधल्या सीमेवर साधी तपासणीही उरलेली नव्हती, आणि राष्ट्राध्यक्षाला पूल ओलांडता येईना. हंगेरी युरोपीय न्यायालयात गेली. २०१२ मध्ये निकाल आला: सामान्य नागरिकाला संघात कुठंही जायचा हक्क आहे, पण राष्ट्रप्रमुखाचं जाणं ही राजनैतिक बाब आहे, स्लोव्हाकियानं नियम मोडलेला नाही.

२०१० मध्ये फिदेस प्रचंड बहुमतानं सत्तेवर आला आणि मे महिन्यातच नागरिकत्वाचा कायदा बदलला. पूर्वज हंगेरीचे नागरिक होते हे दाखवा, हंगेरियन बोलून दाखवा, तुम्ही जिथं आहात तिथंच राहा, पासपोर्ट मिळेल. त्याच दिवशी स्लोव्हाक संसदेनं उलटा कायदा केला: जो स्वेच्छेनं दुसऱ्या देशाचं नागरिकत्व घेईल त्याचं स्लोव्हाक नागरिकत्व जाईल. दोन सरकारांच्या ओढाताणीत सापडला तो कोमार्नोतला सामान्य हंगेरियन, ज्यानं कुणाकडंच काही मागितलं नव्हतं. रोमानिया आणि सर्बियानं अशी आडकाठी केली नाही, आणि तिथून अर्जांचा लोंढा आला. २०१७ पर्यंत नव्या नागरिकांचा आकडा दहा लाखांच्या घरात पोचला.

२०१० मध्येच ४ जून हा हंगेरीत ‘राष्ट्रीय एकात्मता दिन’ ठरला. दहा वर्षांनी रोमानियाच्या संसदेनं तीच तारीख आपल्याकडंही साजरी करायचं ठरवलं. एकाच तारखेला एका बाजूला शोक आणि दुसऱ्या बाजूला उत्सव. २०२० मध्ये बुडापेस्टच्या संसदेसमोर त्रियानाँचं स्मारक झालं: जमिनीत उतरत जाणारी शंभर मीटरची वाट, आणि दोन्ही भिंतींवर जुन्या राज्यातल्या बारा हजारांवर गावांची नावं, १९१३ च्या यादीप्रमाणं. मृतांसाठी दिवा लावावा तसं हे स्मारक आहे, ते कुणाला खटकू नये असं आधी वाटतं. पण ती नावं हंगेरियन रूपातली आहेत. जी गावं कधीच हंगेरियन बोलली नाहीत त्यांचीही.

दोन तृतीयांश

आता घरातल्या सत्तेकडं येऊ, कारण ही किल्ली हाती लागल्याशिवाय युरोपशी चाललेलं भांडण कळत नाही.

व्हिक्टर ऑर्बान यांना हंगेरीनं पहिल्यांदा पाहिलं ते १६ जून १९८९ रोजी. सोव्हिएत वर्चस्वाविरुद्धच्या १९५६ च्या उठावाचे नेते इम्रे नॉज यांना फाशी देऊन बेवारस पुरलं होतं. त्यांच्यावर त्या दिवशी सन्मानानं पुन्हा अंत्यसंस्कार झाले. लाखोंच्या सभेत सव्वीस वर्षांच्या, दाढी वाढलेल्या ऑर्बान यांनी सोव्हिएत फौजांनी परत जावं असं उघड सांगितलं. फिदेस तेव्हा तरुणांचा उदारमतवादी पक्ष होता, पस्तिशीच्या आतल्यांनाच प्रवेश. नव्वदच्या दशकात पक्ष उजवीकडं वळला. १९९८ ते २००२ ऑर्बान पंतप्रधान होते, मग दोनदा हरले. २००६ मध्ये समाजवादी पंतप्रधानांचं बंद दाराआडचं भाषण फुटलं, ज्यात आम्ही लोकांशी खोटं बोललो अशी कबुली होती. रस्त्यांवर दंगली झाल्या, पाठोपाठ २००८ चं आर्थिक संकट आलं, आणि समाजवाद्यांची पत कायमची गेली.

२०१० मध्ये फिदेसला सुमारे ५३ टक्के मतं मिळाली, आणि ३८६ पैकी २६३ जागा. दोन तृतीयांशाहून जास्त. हंगेरीत एकच सभागृह आहे, आणि तिथं दोन तृतीयांश मतांनी घटना बदलता येते. सार्वमत लागत नाही, राज्यांची संमती लागत नाही. वर्षभरात नवी घटना लिहून झाली. १ जानेवारी २०१२ पासून ती लागू झाली. तिच्यात सीमेपलीकडच्या हंगेरियनांच्या भवितव्याची जबाबदारी राज्यावर आहे असं कलमही आहे.

संसद १९९ जागांची झाली. १०६ मतदारसंघांतून, ९३ पक्षांच्या याद्यांतून. यातली एक बारीक तरतूद समजून घ्यावी. अनेक देशांत हरलेल्या उमेदवाराची मतं अगदी वाया जाऊ नयेत म्हणून ती पक्षाच्या यादीत मिळवतात. हंगेरीच्या नव्या कायद्यानं जिंकलेल्याची ‘जास्तीची’ मतंही मिळवायची ठरवली. समजा, एकाला ४० हजार मतं पडली आणि दुसऱ्याला २५ हजार. हरलेल्याची २५ हजार यादीत गेली, आणि जिंकायला २५,००१ पुरेशी होती म्हणून जिंकलेल्याची उरलेली १४,९९९ सुद्धा त्याच्या पक्षाच्या यादीत गेली. जागा तर मिळालीच, वर बक्षीसही. विरोधक विखुरलेले असले की याचा परिणाम कसा होतो पाहा: २०१४ मध्ये फिदेसला सुमारे ४५ टक्के मतं, जागा १३३. २०१८ मध्ये सुमारे ४९ टक्के, जागा पुन्हा १३३. आणि १९९ च्या दोन तृतीयांशासाठी लागतात नेमक्या १३३.

इथं पासपोर्टवाले नागरिक पुन्हा कथेत येतात. हंगेरीत पत्ता नसलेल्या या नागरिकांना टपालानं मत देता येतं, फक्त यादीसाठी. त्यांच्यातली नव्वद टक्क्यांहून अधिक मतं फिदेसला पडत आली. त्यांचं वजन एक-दोन जागांइतकंच. पण उंबरठाच १३३ असेल तर एक जागासुद्धा सगळं ठरवते. दुसरीकडं लंडनमध्ये नोकरी करणारा बुडापेस्टचा तरुण, ज्याचा हंगेरीतला पत्ता अजून कायम आहे, त्याला टपालाची सोय नाही. दूतावासात रांग लावावी लागते. सीमेपलीकडच्या हंगेरियनांना मताचा हक्क मिळावा का यावर प्रामाणिक मतभेद असू शकतात. मात्र दोन तऱ्हेच्या प्रवासी नागरिकांना दोन वेगळे नियम, आणि त्यातली सोय फिदेसला मानणाऱ्यांच्या वाट्याला, याचं समर्थन मला कुठंही सापडलेलं नाही.

बाकीचं भराभर सांगतो. न्यायाधीशांचं निवृत्तीचं वय ७० वरून एकदम ६२ वर आणलं. युरोपीय न्यायालयानं २०१२ मध्ये ते बेकायदा ठरवलं, तोवर बऱ्याच खुर्च्यांवर नवी माणसं बसली होती. २०१८ मध्ये सरकारधार्जिण्या मालकांनी चारशेहून जास्त वर्तमानपत्रं, वाहिन्या आणि संकेतस्थळं एकाच प्रतिष्ठानाला दान केली, आणि हा व्यवहार राष्ट्रहिताचा आहे असं जाहीर करून सरकारनं त्याची स्पर्धा-कायद्याखालची तपासणी टाळली. अब्जाधीश जॉर्ज सोरोस यांनी स्थापलेलं बुडापेस्टचं सेंट्रल युरोपियन विद्यापीठ २०१७ च्या कायद्यामुळं व्हिएन्नाला हललं. १९८९ मध्ये ऑर्बान स्वतः सोरोस यांच्याच शिष्यवृत्तीवर ऑक्सफर्डला गेले होते. हंगेरीत मतपेट्या पळवल्या जात नव्हत्या. मतमोजणी साधारण नीट होत होती. युरोपीय निरीक्षकांचं म्हणणं वेगळं होतं: मैदान सपाट नाही, सरकार आणि पक्ष यांच्यातली रेघ पुसली गेली आहे.

२०१४ मध्ये ऑर्बान यांनी आपण ‘अनुदार’, म्हणजे उदारमतवादी नसलेलं, राज्य उभारत आहोत असं जाहीर केलं. हे भाषण त्यांनी बुडापेस्टमध्ये केलं नाही. ते झालं रोमानियात, ट्रान्सिल्व्हेनियातल्या तुश्नाद या डोंगराळ गावी, जिथं दर उन्हाळ्यात हंगेरियन तरुणांचं शिबिर भरतं. दुसऱ्या देशाच्या भूमीवर उभं राहून स्वतःच्या देशाची दिशा सांगायची, यावरूनच मी वर म्हटलेला दोरा दिसावा.

एक हात वर केला की सगळं थांबतं

युरोपीय संघात बरेचसे निर्णय बहुमतानं होतात: ५५ टक्के देश, आणि त्यांच्यात संघाची ६५ टक्के लोकसंख्या. पण परराष्ट्र धोरण, निर्बंध, नवा सदस्य घेणं, दीर्घ मुदतीचं अंदाजपत्रक, इथं सगळ्यांचं एकमत लागतं. हंगेरीची लोकसंख्या ९६ लाखांच्या आसपास. २०११ च्या जनगणनेत एकट्या पुणे जिल्ह्यात ९४ लाख लोक होते. एवढा देश ४५ कोटींच्या संघाला थांबवू शकतो तो या नियमामुळं.

एखादा सदस्य लोकशाहीची मूल्यं मोडत असेल तर काय? करारात सातवं कलम आहे. त्याखाली त्या देशाचा मतदानाचा हक्क काढून घेता येतो. सप्टेंबर २०१८ मध्ये युरोपीय संसदेनं हंगेरीविरुद्ध ही प्रक्रिया सुरू केली. पण शिक्षेआधीच्या पायरीला आरोपी देश सोडून बाकी सगळ्यांचं एकमत लागतं, आणि तेव्हा पोलंडवरही तीच प्रक्रिया चालू होती. दोघांनी एकमेकांची पाठ राखली. कलम लिहिणाऱ्यांनी एकाच वेळी दोन देश वाट सोडतील हे गृहीतच धरलं नव्हतं.

मग संघानं पैशाची वाट धरली. जिथं कायद्याचं राज्य ढासळल्यामुळं संघाचा पैसा धोक्यात येतो तिथं निधी रोखता येईल, असा नियम २०२१ पासून आला, आणि त्याला एकमत लागत नव्हतं. हंगेरी आणि पोलंड न्यायालयात गेले, हरले. डिसेंबर २०२२ मध्ये हंगेरीचे ६.३ अब्ज युरो गोठवले गेले. इतर कारणांनी अडकलेला निधी वेगळाच. जून २०२४ मध्ये आश्रय मागणाऱ्यांना दिलेल्या वागणुकीबद्दल युरोपीय न्यायालयानं २० कोटी युरो दंड केला, आणि सुधारणा होईपर्यंत रोज दहा लाख युरो.

आता नकाराधिकार आणि पैसा यांची गाठ बघा. १३ डिसेंबर २०२३ रोजी युरोपीय आयोगानं न्यायव्यवस्थेतल्या सुधारणा पुरेशा झाल्या असं सांगून हंगेरीचे सुमारे १०.२ अब्ज युरो मोकळे केले. दुसऱ्याच दिवशी युक्रेनशी सदस्यत्वाची बोलणी सुरू करायची की नाही यावर बैठक होती आणि ऑर्बान यांचा विरोध जगजाहीर होता. निर्णयाच्या वेळी ते खोलीबाहेर गेले, आणि उरलेल्या सव्वीस जणांनी एकमतानं होकार दिला. त्याच रात्री त्यांनी युक्रेनसाठीचे ५० अब्ज युरो मात्र अडवले. ते १ फेब्रुवारी २०२४ ला सुटले. आयोगानं दोन्ही गोष्टींचा संबंध नाकारला, पण युरोपीय संसदेला ते पटलं नाही. निधी सोडल्याबद्दल तिनं आपल्याच आयोगाला कोर्टात खेचलं.

युक्रेनविरोधाचं कारण विचारलं की बुडापेस्ट बेरेगसासकडं बोट दाखवत असे. ही तक्रार पोकळ नव्हती, हे प्रामाणिकपणे सांगायला हवं. २०१७ मध्ये युक्रेननं शिक्षण कायदा बदलला आणि पाचवीपासून पुढं अल्पसंख्याकांच्या भाषेतलं शिक्षण आक्रसलं. कायद्याचा रोख मुख्यतः रशियन भाषेवर होता, पण मार बसला दीड लाखाच्या हंगेरियन समाजाच्या शाळांनाही. युरोप परिषदेच्या व्हेनिस आयोगानंही त्या कायद्यात दोष दाखवले. हंगेरीनं उत्तर म्हणून नाटो आणि युक्रेनच्या वरिष्ठ बैठका अडवायला सुरुवात केली. पुढच्या वर्षी बेरेहोवेच्या हंगेरियन वकिलातीत युक्रेनी नागरिकांना गुपचूप पासपोर्ट वाटतानाची चित्रफीत बाहेर आली आणि दोन्ही देशांनी एकमेकांचे अधिकारी हाकलले. डिसेंबर २०२३ मध्ये युक्रेननं अल्पसंख्याकांचे नियम बरेच सैल केले. तरी बुडापेस्टचा विरोध मावळला नाही. तोवर त्याच गावांतले हंगेरियन तरुण युक्रेनच्या सैन्यात लढत होते, काही जण परतलेही नाहीत. त्यांच्या भाषेची खरी तक्रार एका मोठ्या सौद्यातला मोहरा झाली होती, याचं मला फार वाईट वाटतं.

सगळ्याच शेजाऱ्यांशी बिनसलं होतं असं नाही. ज्या सर्बियाच्या सीमेवर २०१५ मध्ये स्थलांतरितांना रोखायला कुंपण घातलं, त्याच सर्बियाच्या अध्यक्षांशी ऑर्बान यांची गाढ मैत्री जमली. सर्बियातल्या, रोमानियातल्या, स्लोव्हाकियातल्या हंगेरियनबहुल गावांत हंगेरीच्या पैशानं शाळा, चर्चेस, फुटबॉलची मैदानं उभी राहिली. आंतरराष्ट्रीय संस्थांशी मात्र एकेक दार बंद होत गेलं. २०१३ मध्ये नाणेनिधीचं कर्ज मुदतीआधी फेडून त्यांना बुडापेस्टमधलं कार्यालय बंद करायला सांगितलं. एप्रिल २०२५ मध्ये इस्रायलचे पंतप्रधान नेतान्याहू, ज्यांच्याविरुद्ध आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयाचं अटक वॉरंट होतं, बुडापेस्टला आले. त्याच दिवशी हंगेरीनं त्या न्यायालयातून बाहेर पडत असल्याचं जाहीर केलं.

हर्गिता

पंतप्रधानांच्या मफलरची गोष्ट राहिली. नोव्हेंबर २०२२ मध्ये फुटबॉल सामन्याला ऑर्बान यांच्या गळ्यात त्रियानाँआधीच्या हंगेरीचा नकाशा असलेला मफलर दिसला. युक्रेन आणि रोमानियानं निषेध नोंदवला. त्या नकाशातल्या माणसांना काय वाटतं, हे त्यांनीच एकदा मतपेटीतून सांगितलं.

रोमानियाच्या पूर्व भागात उझ नावाची दरी आहे आणि तिथं जुनी लष्करी दफनभूमी. जून २०१९ मध्ये स्थानिक हंगेरियन लोक तिच्या दारात हात धरून प्रार्थना करत उभे होते आणि रोमानियन राष्ट्रवाद्यांचा जमाव दार ढकलून आत शिरला. त्या आंदोलनात पुढं होते जॉर्ज सिमिओन. हेच सिमिओन मे २०२५ मध्ये रोमानियाच्या अध्यक्षपदाच्या निवडणुकीत पहिल्या फेरीत सुमारे ४१ टक्के मतं घेऊन सगळ्यांच्या पुढं गेले. दुसऱ्या फेरीत त्यांच्यासमोर होते बुखारेस्टचे महापौर निकुशोर दान, पहिल्या फेरीत जवळपास निम्म्या मतांवर राहिलेले.

९ मे रोजी बालातोन तळ्याकाठच्या तिहानी मठात ऑर्बान यांनी भाषण केलं आणि त्यात सिमिओन यांच्या ख्रिस्ती, सार्वभौम युरोपच्या भूमिकेशी सहमती दाखवली. ब्रसेल्सविरुद्ध, म्हणजे युरोपीय संघाविरुद्ध, एक साथीदार मिळत होता. ट्रान्सिल्व्हेनियातल्या हंगेरियनांना धक्का बसला. त्यांच्या पक्षाचे नेते हुनोर केलेमेन, जे इतकी वर्षं बुडापेस्टच्या शब्दाबाहेर गेले नव्हते, त्यांनी जाहीर सांगितलं की सिमिओन आम्हाला मान्य नाहीत. ऑर्बान यांनीही मग शब्द फिरवून घेतले. केलेमेन आणि त्यांचे कार्यकर्ते प्रचाराला बाहेर पडले.

१८ मे रोजी मतदान झालं. निकुशोर दान देशभरात सुमारे ५४ टक्के मतांनी जिंकले. हर्गिता जिल्ह्यात, जिथं बहुसंख्य लोक हंगेरियन आहेत, ज्यांच्यातल्या पुष्कळांच्या कपाटात हंगेरीचा पासपोर्ट आहे आणि ज्यांनी टपालानं वर्षानुवर्षं फिदेसला मत दिलं, तिथं दान यांना नव्वद टक्क्यांहून जास्त मतं पडली. तुश्नाद याच जिल्ह्यात आहे.